काम भिवंडीला जातं तेव्हा

आयटीत ‘युनियन’ हा शब्द काढला की दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली : “कशाला? पटत नसेल तर कंपनी बदल.” दुसरी : “दत्ता सामंतांच्या संपात गिरण्यांचं काय झालं, माहितीये ना?” पहिली तेजीत जास्त ऐकू येते, दुसरी मंदीत. आज दुसरीबद्दल लिहितो, कारण माझे मामा परळच्या एका गिरणीत साचे चालवायचे, आणि ही गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं. शिवाय १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा जायला हवा होता, कारण त्यामुळे मालकांशी वाटाघाटी करायचा हक्क फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मामा गावी गेले ते तिकडचेच झाले.

आता उरलेली अर्धी गोष्ट. तेव्हा जागतिकीकरण कुठे होतं हो? परदेशी कापडाला दारं जवळपास बंदच होती, उदारीकरण आलं १९९१ ला. मग गिरण्या बंद असताना कापड विणलं कोणी? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी. बारा-बारा तासांच्या पाळ्या, ना फंड, ना कायम नोकरी. काम संपाआधीपासूनच तिकडे सरकत होतं, संपाने त्याला जोर आला. मुंबईतली एकजूट गिरणीच्या गेटपर्यंत भक्कम होती. काम मात्र गेटच्या बाहेर जाऊ शकत होतं.

मला यातून एकच कळतं. काम जिथे जिथे जाऊ शकतं तिथपर्यंत युनियनचा हात पोचला, तरच वाढलेला पगार टिकतो. नाहीतर आतल्यांचा पगार वाढतो आणि हळूहळू आतले कमी होतात. जागतिकीकरणाने एवढंच केलं की भिवंडी लांब नेली.

आणि आपण? माझी पहिली नोकरी म्हणजे अमेरिकेतल्या एका माणसाची भिवंडीच होती. तो रोज फोनवर मला सिस्टीम समजावून सांगायचा. केटी संपली, त्याची नोकरी गेली, मी कन्फर्म झालो. त्याच्या मानाने मी स्वस्त, माझ्या बाबांच्या मानाने श्रीमंत. दोन्ही एकाच पगारात! त्यामुळे जागतिकीकरणाला शिव्या घालणं मला शोभत नाही.

यंदा मात्र केटी आमची टीम देतेय, दुसऱ्या एका देशातल्या टीमला. टीसीएसने २०२५ मध्ये सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून ‘कंपनी बदल’ हा सल्लाही जरा दबक्या आवाजातच ऐकू येतो.

मग काहीच होऊ शकत नाही का? खलाशांकडे बघा. जहाजाएवढी हलती फॅक्टरी दुसरी नाही : मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, खलाशी रत्नागिरीचा. आयटीएफ ही वाहतूक कामगारांची जागतिक संघटना १९४८ पासून या भाड्याच्या झेंड्यांविरुद्ध मोहीम चालवतेय. आज हजारो जहाजांवर तिचे करार आहेत. शिवाय जिनिव्हाच्या आयएलओमध्ये जहाजमालक आणि युनियनवाले समोरासमोर बसून खलाशाचा किमान पगार डॉलरमध्ये ठरवतात. श्रीमंत देशांतल्या खलाशांच्या नोकऱ्या त्यानेही वाचल्या नाहीत, काम स्वस्त देशांकडे गेलंच. पण पगार घसरत जाऊन कुठे थांबायचं, याला निदान एक फळी लागली.

आपल्याला कायद्याची आडकाठी आहे असंही नाही. आयटीवाल्यांना युनियन काढता येते, हे तामिळनाडू सरकारने २०१६ मध्येच स्पष्ट केलं होतं. पण पुण्यातल्या पुण्यात काढलेली युनियन ही गेटपर्यंतचीच युनियन.

म्हणून मी एक छोटी सुरुवात केली आहे. केटीचा कॉल संपला की समोरच्या मुलाला त्याचा पगार, नोटीस पीरियड, ओव्हरटाइम विचारतो. पहिल्यांदा तो दचकला. मग हळूच त्याने माझा पगार विचारला. मी सांगितला.