रस्त्यापासून ओटीपर्यंत

पहिल्या ठेकेदारानं टेप लावला, १२० फूट लांबी आणि १० फूट रुंदी मोजली, मोबाइलवर गुणाकार केला आणि सांगितलं, “१,२०० चौरस फूट. ६५ रुपयांनी ७८ हजार. ब्लॉक बसवून देतो ताई, आठवड्यात गाडी दारात.” दुसऱ्यानं चार इंच काँक्रीट सुचवलं. ९५ रुपयांनी १ लाख १४ हजार. तिसऱ्यानं त्या दिवशी आकडा सांगितलाच नाही. त्यानं पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक धरून डांबरी रस्त्यापासून आमच्या ओटीपर्यंत टप्प्याटप्प्यानं खाली उतरला. उतार निघाला बारा फूट. तो सगळा वरच्या शंभर फुटांतच, शेवटचे वीस फूट जवळपास सपाट. मग त्यानं विचारायला सुरुवात केली. जुलैत रस्त्यावरचं पाणी कुठल्या अंगानं आत शिरतं? विहीर खणली तेव्हा माती कुठे संपली आणि कातळ कुठे लागला? मे महिन्यात पाण्याचा टँकर खाली आणायचा आहे का?

“मॅडम, तुमची गाडी हलकी आहे. रस्ता टँकरसाठी बांधायचा असतो.”

आमची वॅगन आर हजार किलोच्या आतली. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच पाच टन, गाडीचं वजन वेगळं. संगमेश्वर तालुक्यात पावसाळाभर धोधो पाणी पडतं आणि उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. टँकर नको असं म्हणायची सोय आमच्या वाडीत कुणालाच नाही.

हा रस्ता आईसाठी करायचा होता. आमचं घर गावरस्त्याच्या खाली, आणि खाली यायला जांभ्या दगडाची पाखाडी. घरातली सगळी लग्नं, गणपती, भाताची पोती त्याच पायऱ्यांवरून उतरली. दोन वर्षांपूर्वी भर पावसात आईच्या खुब्याचं हाड मोडलं. १०८ची गाडी वर थांबली, आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून वाडीतल्या चौघांनी तिला लाकडी खुर्चीत बसवून वर नेलं. त्यांचे पाय सरकू नयेत म्हणून पाचवा पुढे गोणपाट टाकत चालला होता. ती बरी होऊन घरी आली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, “गाडी दारात येऊ दे. पण पाखाडी मोडायची नाही.” म्हणून रस्ता पाखाडीला वळसा घालून काजूच्या बाजूनं काढायचं ठरलं. त्यात एक रातांब्याचं झाड गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चौरस फुटाचा दर ऐकून माणूस निर्णय घेतो, कारण दर म्हणजे काहीतरी पक्कं हातात आल्यासारखं वाटतं. पण गाडीच्या रस्त्याचा खरा खर्च डोळ्यांना दिसत नाही, तो जमिनीखाली असतो. ६५ रुपयांत काय काय आहे, असं मी पहिल्या ठेकेदाराला विचारलं. माती सपाट करायची, त्यावर दोन इंच ग्रिट पसरायची, वर ६० मिलिमीटरचे ब्लॉक. खाली दगडाचं सोलिंग नाही, कडेला कर्ब नाही, पाण्याची वाट नाही. वरच्या रस्त्याकडेचं गटार तो मातीनं बुजवून त्यावरून ब्लॉक उतरवणार होता. ते गटार बुजवलं असतं तर वरचं सगळं पाणी आमच्या रस्त्यावरून थेट ओटीशी आलं असतं. शिवाय गटार गावाचं, त्याला हात लावायचा तर ग्रामपंचायतीला विचारायलाच हवं.

ब्लॉक वाईट नसतात. अंगणात, सपाट जागेवर ते चांगलेच. आपल्याकडे पेव्हर ब्लॉकसाठी भारतीय मानक आहे, क्रमांक १५६५८. त्यात हलक्या रहदारीला ६० मिलिमीटर जाडी आणि मध्यम रहदारीला ८० मिलिमीटर असं स्पष्ट दिलेलं आहे. पण ब्लॉक एकमेकांना धरून राहतात ते सांध्यांतल्या ग्रिटीमुळे आणि कडेच्या कर्बमुळे. आठ फुटांना एक फूट अशा चढावर, कोकणातल्या पावसात, ती ग्रिट पहिल्या मृगातच वाहू लागते. खालच्या वाडीत एका घरी मी हे पाहून आले. टँकरची चाकं जिथून जातात तिथे दोन लांब चर पडले होते आणि कडेचे ब्लॉक काजूच्या आळ्यात सरकले होते. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, “पैसे गेले ते गेले, आता हे उचलायला पुन्हा पैसे.” उकरून टाकणं हा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

डांबराचाही विचार केला. भावाला तेच हवं होतं. पण गरम डांबरमिश्रित खडी प्लांटवरून येते ती गरम असतानाच पसरून रोलर फिरवावा लागतो. १,२०० चौरस फुटांसाठी प्लांटची गाडी, पेव्हर मशीन आणि रोलर एवढ्या आत आणायचं भाडंच कामापेक्षा जड होतं. गावातला मोठा रस्ता होत असताना त्यांनाच सांगून करून घेतात तेव्हा ते परवडतं. तसं काही त्या वर्षी आमच्याकडे नव्हतं.

आठवड्यानं तिसऱ्याचा कागद आला. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, तालुक्यातलाच मुलगा. कागद हातानं लिहिलेला आणि प्रत्येक ओळ वेगळी. जेसीबी नऊ तास, तासाला १,३०० प्रमाणे ११,७००. नऊ इंच जाडीचं दगडाचं सोलिंग, म्हणजे नऊ ब्रास, ब्रासला ३,२०० प्रमाणे २८,८००, आणि ते हातानं रचायची मजुरी ९,०००. वर मुरूम आणि रोलर मिळून १०,०००. सहा इंच एम-२० काँक्रीट, सहा ब्रास, माल-मजुरीसह ब्रासला १७,५०० प्रमाणे १ लाख ५ हजार. डोंगराकडच्या बाजूला १२० फूट उघडं गटार, फुटाला २२० प्रमाणे २६,४००. वर रस्त्यालगत मोरीचा पाइप आणि आडवी जाळी, १४,०००. बेरीज २ लाख ४ हजार ९००. चौरस फुटाला १७० रुपयांच्या वर.

भाऊ कागद पाहून गप्प झाला. ७८ हजारांत होणारं काम दोन लाखांना का द्यायचं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मी तिन्ही अंदाज शेजारी शेजारी ठेवले आणि पहिल्या दोघांच्या कागदावर कुठल्या ओळी नाहीत ते लाल पेनानं लिहिलं. दुसऱ्याच्या ९५ रुपयांत काँक्रीट होतं, पण सोलिंग नव्हतं, गटार नव्हतं, मोरी नव्हती. तिसऱ्याच्या कागदातलं नुसतं काँक्रीट काढलं तर तो चौरस फुटाला साडेसत्त्याऐंशी रुपये घेत होता, तेही चारऐवजी सहा इंचांचे. तो महाग नव्हता. त्यानं सगळं लिहिलं होतं, एवढाच फरक.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे प्रत्येक घरमालकाला पाठ असायला हवं. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं फुटांत, भागिले शंभर. सहा इंच म्हणजे अर्धा फूट. या एका हिशेबावर मी खडीच्या गाड्या मोजल्या आणि सिमेंटच्या गोण्याही मोजल्या. एम-२० म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. एका ब्रासला ५० किलोच्या साधारण २२-२३ गोण्या जातात. काम चालू असताना रिकाम्या गोण्या एका बाजूला रचून ठेवायला सांगितलं की कुणावर आरोप न करता हिशेब समोर दिसतो. तो मुलगा स्वतःच म्हणाला, “मोजा मॅडम, मला बरंच आहे.”

खर्च कमी केला तो मजुरीतून नव्हे. मजुरीवर घासाघीस करायची नाही, हे आमच्या घरात वडिलांपासून चालत आलेलं आहे आणि मला ते मनापासून पटतं. चढावर काँक्रीटची घमेली वाहणाऱ्या माणसाच्या दिवसातून पन्नास रुपये काढून कोणता रस्ता चांगला होतो? शेवटचे सपाट वीस फूट आम्ही काँक्रीटमधून वगळले आणि सोलिंगवर बारीक खडी पसरली. तिथे एक ब्रास काँक्रीट वाचलं आणि खडीचा खर्च धरूनही साडेचौदा हजार कमी झाले. परसात जुन्या गोठ्याचे चिरे पडून होते, ते गटाराच्या भिंतीला दिले. तिथे आणखी सात हजार. काम १ लाख ८३ हजार ४०० वर आलं. तो जीएसटीत नोंदलेला नव्हता. नोंदलेला असता तर यावर १८ टक्के आणखी लागले असते. दोन अंदाजांची तुलना करताना हेही विचारून घ्यावं लागतं.

खणकाम जानेवारीत झालं. मार्चपासून आंब्याचा हंगाम सुरू झाला की गडी आणि पिकअप दोन्ही मिळत नाहीत, म्हणून त्यानं घाई केली. लाल माती दीड फूट काढली. जांभ्याची माती सुकी असताना विटेइतकी घट्ट असते आणि भिजली की चाकाखाली दबते, म्हणून ती ठेवून वर काही बांधण्यात अर्थ नाही. विजापूरकडचं एक कुटुंब सोलिंगला होतं. नवरा दगड उभा लावायचा, बायको फटीत कपच्या ठोकायची. दगड आडवा टाकला तर भरभर भरतं, पण डगमगतं. उभा, एकमेकांत अडकवून लावला की त्यावरून टँकर गेला तरी हलत नाही. हे काम काँक्रीटखाली कायमचं गाडलं जाणार होतं, पण त्या दोघांचा हात शेवटच्या दगडापर्यंत तसाच काटेकोर होता. ९,००० रुपये या ओळीत काय होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांना ठरल्यापेक्षा वर काही दिलं ते आईनं, स्वतःच्या पेन्शनमधून.

काँक्रीट खालून वर चढवत नेलं, एक खाना सोडून एक. दहा-दहा फुटांवर सांधा, कारण काँक्रीट सुकताना आकसतं आणि आपण सांधा दिला नाही तर ते स्वतः वाटेल तिथे तडकतं. आडवा उतार डोंगराकडे, दहा फुटांत अडीच इंच, म्हणजे पाणी गटारातच पडेल. मिक्सरवरचा मुलगा मिश्रण पातळ करायला पाणी वाढवू लागला, कारण घट्ट माल ओढायला जड जातो. ठेकेदारानं तिथेच थांबवलं. जास्तीच्या पाण्यानं काँक्रीट कमजोर होतं, आणि चढावर तर ते खाली वाहतच येतं. पृष्ठभाग ओला असतानाच म्हाताऱ्या गवंड्यानं त्यावर आडवा खराटा ओढून रेघा पाडल्या. मला म्हणाला, “बाई, गुळगुळीत दिसायला छान, पण आषाढात त्यावर माणूस उभा राहायचा नाही.”

पाणी मारायचं काम आमचं होतं. आपल्याकडे मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी असतं. त्याला कमीत कमी दहा दिवस ओल हवी. उतारावर आळी करून पाणी थांबत नाही, म्हणून गोणपाटं अंथरून ती भिजती ठेवली. आई खुर्ची टाकून ओटीवर बसायची आणि गोणपाट फिकं दिसलं की हाक मारायची. टँकरला चार आठवडे खाली येऊ द्यायचं नाही, असं ठेकेदारानं बजावलं होतं. ते पाळलं.

पैसे चार टप्प्यांत दिले. माल आणायला आगाऊ, सोलिंग संपल्यावर, काँक्रीट झाल्यावर, आणि दहा टक्के, म्हणजे १८ हजारांच्या आसपास, पावसाळ्यानंतर. ही शेवटची अट त्याला जड गेली. शनिवारी मजुरांचा पगार करायचा असतो, बाजार असतो, आणि लहान ठेकेदाराकडे अडकवायला पैसा नसतो. मला ते दिसत होतं. म्हणून बाकी तिन्ही हप्ते मी ठरल्या दिवशी, त्यानं न मागता दिले. दहा टक्के मात्र राखले, कारण रस्त्याची परीक्षा पावसाळ्यातच होते.

जुलैत एका रात्री एवढा पाऊस झाला की सकाळी वरचा गावरस्ता ओढ्यासारखा वाहत होता. मोरीचा पाइप भरून चालला होता, जाळीवर काजूची पानं अडकली होती. ती काढल्याबरोबर पाणी गटारात वळलं आणि घराला वळसा घालून पऱ्ह्यात गेलं. वळणावरच्या एका तिरक्या खान्याला केसभर तडा दिसला. दसऱ्यानंतर तो मुलगा आला, तडा पाहिला, तिरक्या कोपऱ्यात ताण येतो तिथे आणखी एक सांधा द्यायला हवा होता असं सरळ म्हणाला, आणि तिथे कापून डांबरी भरण करून दिलं. वेगळे पैसे मागितले नाहीत. राखलेली रक्कम मी त्याच दिवशी चुकती केली.

आता दर मे महिन्यात गटार उपसायला आणि काँक्रीटवरचं शेवाळ घासायला एका गड्याचा एक दिवस लागतो, म्हणजे मजुरी आणि दुपारचं जेवण. वाडीतली दोन घरं तो हातानं लिहिलेला कागद नेऊन झेरॉक्स करून आली आहेत. त्यातल्या एका घराला तेरा फुटांचा उतार आहे आणि वळायला जागा नाही. त्यांचा आकडा आमच्यापेक्षा वर जाईल. मी त्यांना नळी नेऊन दिली आहे.