वैशाखातला साल्हेर

सह्याद्रीला जायचं तर पावसाळ्यात, असं सगळे म्हणतात. मला वैशाखातला सह्याद्री जवळचा वाटतो. पावसात गवत, धुकं, धबधबे यांनी डोंगर झाकून जातो. मे महिन्यात त्याच्या अंगावर काहीच उरत नाही. लाव्ह्याचे कठीण थर ताशीव कडे होऊन कसे उभे राहिले आणि त्यांच्यामधले मऊ थर झिजून उतार कसे झाले, हे तेव्हा खालूनच दिसतं. यंदा आम्ही मित्र बागलाणातल्या साल्हेर किल्ल्यावर गेलो ते भर उन्हाळ्यातच.

उजाडण्याआधी पायथ्याचं वाघांबे गाव सोडलं. साल्हेर आणि शेजारचा सालोटा यांच्यामधली खिंड गाठेपर्यंत वारा होता, गप्पाही होत्या. वाटेत करवंदांच्या जाळ्या होत्या. काळीभोर फळं तोंडात टाकत, चिकाने ओठ चिकट करून घेत आम्ही चढत होतो. खिंडीनंतर मात्र ऊन अंगावर आलं. वाळलेलं गवत पायाखाली घसरू लागलं, आधाराला हात टेकावा तर कातळाचा चटका बसू लागला. बोलणं आपोआप थांबलं. आमच्यातला सर्वांत बोलका मित्र केवळ मोजक्या खुणांनी पुढची पायरी दाखवत होता. एकाच्या पोटरीत पेटके आले. कुणी काही विचारलं नाही. एकाने त्याची पाठपिशवी उचलून छातीशी अडकवली, दुसऱ्याने लिंबू, मीठ, साखर बाटलीत ढवळली. गडाचे दरवाजे ओलांडल्यावर कड्याच्या पोटात कोरलेल्या गुहांची रांग लागते. त्या गारव्यात आम्ही खूप वेळ पडून राहिलो. कोण किती पाणी पितोय याकडे प्रत्येकाचं लक्ष होतं, आणि प्रत्येक जण मुद्दाम कमी पीत होता. मैत्रीविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्या गुहेत हातातली बाटली न पिता पुढे सरकवणारा हात मी पाहिला, तो माझ्यासाठी पुरेसा आहे.

वरच्या पठारावर गंगासागर तलाव आहे. त्याचं पाणी आटत काठापासून दूर गेलं होतं. पण शेजारच्या कातळात खोदलेल्या टाक्यात पाणी होतं, गार आणि निवळ. फडक्यातून गाळून ओंजळीने प्यायलो, तेव्हा कितीतरी वेळ कुणी मान वर केली नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र मी अनेकदा वाचलं होतं. ते समजलं त्या टाक्यापाशी. किल्ला बांधण्याआधी वर पाणी आहे का ते पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असं ते बजावतात. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, असंही सांगतात. कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. केवढा बारीक विचार! साल्हेरचंच पाहा. शिवाजी महाराजांनी 1671 मध्ये तो घेतला आणि मोगलांनी त्याला वेढा घातला. 1672 च्या फेब्रुवारीत मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी खालच्या मैदानात मोगली फौजेचा पराभव केला. सूर्याजी काकडे तिथे कामी आले. मैदानातल्या या शौर्याची आठवण आपण काढतो, ती काढायलाच हवी. पण मदत येईपर्यंत गड लढला तो पाण्याच्या साठ्यावर. ज्यांनी छिन्नी-हातोड्याने ही टाकी खोदली, त्यांची नावं कुठेच नाहीत. मला त्या दिवशी सर्वांत जास्त त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटली.

शेवटचा चढ छोटा, पण उभा. माथ्यावर परशुरामाचं लहानसं मंदिर आणि आत पादुका. इथूनच बाण सोडून परशुरामाने समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केलं, अशी कथा आहे. उंची 1567 मीटर. राज्यात कळसूबाईखालोखाल हेच शिखर, आणि किल्ल्यांत याहून उंच दुसरा नाही. उन्हाच्या धुरकटपणात मांगी-तुंगीचे सुळके पुसट दिसत होते.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे. आता येणाऱ्यांची संख्या वाढेल, आणि ती वाढावी. तुम्हीही या, शक्य तर उन्हाळ्यात, पहाटे निघून. पण टाक्यात उतरू नका, त्यात पाय किंवा भांडी धुऊ नका, वेष्टनं टाकू नका. दोरी बांधून भांडं सोडा आणि पिण्यापुरतंच पाणी काढा. तुमच्यामागून चढणाऱ्यालाही तेच प्यायचं आहे.