नावाआडचे जीव

मला नावांची मोठी गंमत वाटते. एखाद्या वस्तूला नाव मिळाले, की ती आपल्याला कळली असे आपण खुशाल समजतो. "हे कसले झाड?" असे कोणी विचारावे आणि "करंज" असे उत्तर मिळताच समाधानाने पुढे चालू लागावे! त्याची फुले, त्याच्या शेंगा, त्याच्या सावलीत नांदणारे जीव यांच्याकडे पाहण्याची मग कोणास गरज वाटत नाही. नाव ही ज्ञानाची पहिली पायरी खरी. पण पुष्कळदा आपण त्या पायरीवरच बसकण मारतो.

क्षुद्र जीवांच्या बाबतीत तर आपण नावाचीही काटकसर करतो. घरच्या गाईला आपण कपिला म्हणू, तांबू म्हणू. पण मातीत काही वळवळताना दिसले, की तो नुसता 'किडा'. समुद्रतळाच्या चिखलात राहणाऱ्या अशाच एका जीवाची हकीकत माझ्या वाचनात आली, आणि तेव्हापासून 'किडा' हा शब्द उच्चारताना माझी जीभ जरा अडखळते.

या जीवाचे शास्त्रीय नाव 'कॅपिटेला कॅपिटाटा'. नाव भारदस्त, पण रूप अगदी साधे! तांबड्या दोऱ्याचा एखादा तुकडा चिखलात पडावा, तसा हा बारीक कृमी दिसतो. चिखल गिळावा, त्यातले अन्नाचे कण पचवावेत आणि उरलेला चिखल बाहेर टाकावा, एवढाच त्याचा दिनक्रम. ग्रीनलंडमध्ये राहून आलेल्या ओटो फॅब्रिसियस या डॅनिश धर्मोपदेशकाने १७८० साली आपल्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले आणि त्याला गांडुळांच्या पंगतीस बसवले. पुढे जगातील अनेक किनाऱ्यांवर असे तांबडे कृमी सापडले, आणि त्या साऱ्यांना तेच एक नाव देण्यात आले. सांडपाण्याने नासलेल्या चिखलात इतर प्राणी मरतात, पण हा मात्र भरभराटीस येतो, असेही लोकांना आढळले. त्यामुळे 'जेथे कॅपिटेला, तेथे पाणी दूषित' असा ठोकताळाच बसून गेला.

१९६९ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वेस्ट फाल्मथ या गावाजवळ 'फ्लोरिडा' नावाची तेलवाहू नौका खडकावर आदळली. सुमारे ७ लाख लिटर तेल समुद्रात सांडले. मासे, खेकडे, शिंपले मरून किनाऱ्याला लागले. तळाचा चिखल ओसाड झाला. आणि त्या ओसाड चिखलात थोड्याच काळात कॅपिटेलाची अमाप प्रजा माजली.

जवळच वुड्स होल येथे सागरसंशोधनाची विख्यात केंद्रे आहेत. तेथील जूडिथ ग्रासल आणि फ्रेडरिक ग्रासल या शास्त्रज्ञ दांपत्याने हे कृमी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचे बारकाईने निरीक्षण आरंभिले. तेव्हा एक नवल दिसून आले. काहींची अंडी लहान व पुष्कळ. त्यांची पिल्ले पाण्यात तरंगत दूर जात. काहींची अंडी मोठी, पण थोडी. त्यांची पिल्ले आईच्या नळीतून बाहेर पडताच तेथल्याच चिखलात बिऱ्हाड थाटीत. रूप एक, नाव एक. मग संसाराच्या रीती इतक्या निराळ्या कशा?

मीठ आणि तुरटी यांची पूड शेजारी शेजारी ठेवली तर डोळा फसतो. जीभ मात्र फसत नाही. या शास्त्रज्ञांनाही अशीच एक जीभ हवी होती, आणि ती त्यांना कृमींच्या शरीरातील प्रथिनांत सापडली. प्रत्येक जीवाची प्रथिने त्याच्या आनुवंशिक गुणांच्या आज्ञेनुसार घडतात. कृमीचा अर्क काढून तो खळीसारख्या घट्ट थरात ठेवायचा आणि त्यातून विजेचा प्रवाह सोडायचा. मग निरनिराळी प्रथिने आपापल्या विद्युतभाराप्रमाणे कमीअधिक अंतर चालून जातात. नंतर रंग दिला, की त्यांचे पट्टे उमटतात. दोन कृमींचा वंश एकमेकांत मिसळत असेल, तर त्यांच्या संततीत दोघांचेही पट्टे एकत्र दिसावयास हवेत. येथे तशी सरमिसळ दिसेना. एकाच चिखलात राहूनही ही कुळे एकमेकांशी सोयरीक करीत नव्हती! १९७६ साली ग्रासल दांपत्याने जाहीर केले, की कॅपिटेला कॅपिटाटा या एका नावाआड निदान सहा जाती दडल्या आहेत.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण आपण माणसांपुरती वापरतो. समुद्राच्या बाबतीत अशी फसगत अधिक महागात पडते. सहा जातींची राहणी सहा प्रकारची असताना त्या साऱ्यांना एकच समजून पाण्याची परीक्षा केली, तर तो निर्णय विश्वासार्ह कसा मानावा? त्याहूनही एक विचार मला अस्वस्थ करतो. या सहांपैकी एक जात उद्या नष्ट झाली, तर उरलेल्या पाच जाती तेच नाव मिरवीत राहतील. नाव शिल्लक आणि जीव नाहीसा! जो होता हेच कोणास ठाऊक नाही, तो गेला म्हणून हळहळणार तरी कोण?

पुढे ही परीक्षा अधिकच सूक्ष्म झाली. प्रथिनांच्या पलीकडे जाऊन आता शास्त्रज्ञ प्रत्यक्ष जनुकांची अक्षरेच वाचतात. २००३ साली कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी सुचवले, की प्राण्यांच्या एका ठरावीक जनुकाचा लहानसा भाग वाचून त्यांच्या जाती ओळखाव्यात. या मार्गाने समुद्रातील कितीतरी कृमींच्या एकेका नावाआडून अनेक जाती बाहेर आल्या आहेत.

ग्रासल यांच्या सहा जातींपैकी पहिलीला केवळ 'जात क्रमांक एक' म्हणून ओळखीत. २००९ साली तिला 'कॅपिटेला टेलेटा' हे स्वतःचे नाव मिळाले. तेहतीस वर्षे एका जीवाने आपल्या नावाची वाट पाहिली! त्याच वर्षी ग्रीनलंडमधील कृमींचे नव्याने वर्णन करून, फॅब्रिसियसने दिलेले मूळ नाव नेमके कोणाचे, हेही निश्चित करण्यात आले.

नाव द्यावयाचे तर त्या जीवाजवळ थांबावे लागते. तो काय खातो, कोणाशी सोयरीक करतो, पिल्ले कशी वाढवतो, हे धीराने पाहावे लागते. ग्रासल दांपत्याने एका तांबड्या कृमीसाठी एवढे केले. आपल्या अवतीभवतीही 'झाड', 'गवत', 'पाखरू', 'किडा' अशी ढोबळ नावे पांघरून कितीतरी जीव मुकाट्याने जगत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याजवळ घटकाभर थांबण्याइतकी सवड आपल्याला खचित काढता येईल.