कापडी पंखांतील भोके

सियालदहजवळच्या भाड्याच्या खोलीत माझे तीन पावसाळे गेले. गल्लीत घोटाभर पाणी साचले की आमच्या घरमालकीण मासीमा पावसाला नव्हे, तुंबलेल्या जाळीला दोष देत. पाणी येणारच, ते जाणार कोठून, एवढाच त्यांचा प्रश्न. कापडी विमानांविषयी वाचू लागलो तेव्हा तोच प्रश्न पंखाच्या पोटात सापडला.

सियालदहहून लोकलने जवळच असलेल्या डमडमला १९३० च्या दशकात मॉथ जातीची विमाने उतरत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला आणलेले पस मॉथही त्याच घराण्यातले. सांगाड्यावर कापड चढवून त्यावर डोप हा सेल्युलोजचा लेप देत. वाळताना तो आक्रसतो आणि कापड मृदंगाच्या पुडीसारखे ताठ होते. अशा बंदिस्त आवरणाला मुद्दाम भोके का पाडावीत? कारण सांध्यांच्या फटींतून पाऊस शिरतोच. तो न शिरला, तरी थंड रात्री आतल्या दमट हवेतील बाष्पाचे पाणी होते. मग लाकूड कुजते, पोलादी नळी गंजते.

भोक सर्वांत खालच्या जागी हवे. ती जागा विमान उभे असताना ठरवायची. शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर मागे कललेले असते. त्यामुळे पाणी पंखाच्या मागच्या कडेकडे वाहते आणि फासळ्यांपाशी अडते. तेथे खालच्या बाजूस कापडावर लहानशी कडी चिकटवतात आणि लेप व रंग पुरा झाल्यावर तिच्या आतले कापड कापतात. आजच्या पॉलिएस्टरला पात्याऐवजी तापलेले टोक बरे: कड वितळून बसते, धागे सुटत नाहीत.

गोम येथेच आहे. कडी चिकटवली, पण आतले कापड कापायचे राहिले, तर दुरून सारे ठीकच दिसते! मुख्य पंखातले लिटरभर पाणी म्हणजे एक किलो फुकटचे ओझे. एलेरॉनमध्ये मात्र त्याहून कितीतरी कमी पाणी घातक ठरू शकते. एलेरॉन बिजागरीवर फिरतो. त्याच्या वजनाची वाटणी बिजागरीच्या पुढेमागे जपून केलेली असते. पाणी साचते ते नेमके बिजागरीपासून सर्वांत दूर, मागच्या कडेला. तोल ढळला की वेगात तो फडफडू लागतो, आणि ही फडफड क्षणांत पंख मोडण्यापर्यंत जाऊ शकते.

आपल्या देशात बनलेले ‘पुष्पक’ही कापडीच. असे विमान कोठे उभे दिसले, तर वाकून पंखाची मागची कड खालून पाहा. कड्या दिसतील, त्यांतून आतला अंधार दिसतो की रंगवलेले कापड, तेवढे बघा.