पुन्हा वझ्झर

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्याच आठवड्यात आंबिया बहाराची संत्र्याची बाग व्यापाऱ्याला देऊन टाकली, घराला कुलूप घातलं आणि आम्ही सगळे नरखेड स्टेशनवर आलो. आई, बायको, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि मी. शेजारच्यांना वाटलं, तिरुपतीला नाहीतर शिर्डीला निघालो. आम्ही निघालो होतो वझ्झरला, अचलपूर तालुक्यातल्या शंकरबाबा पापळकरांच्या बेवारस दिव्यांग मुलांच्या बालगृहात. याआधीही गेलो होतो, आणि परत येऊ असं तिथं सांगून आलो होतो.

सामान मोजकं होतं. पायजम्यात घालायच्या इलास्टिकचे गुंडे, चांगल्यापैकी नेलकटर, धुऊन घडी केलेल्या जुन्या सुती साड्या, बायकोची कात्री नि टेप, आणि संत्र्यांच्या दोन गोण्या. मागच्या वेळी निघताना तिथल्या एका ताईंना मी विचारलं होतं, पुढच्या खेपेला काय आणू? त्या म्हणाल्या होत्या, "बिस्किटं लोक आणतेच जी. इलास्टिक कोणी नाही आणत." हे वाक्य बायकोनं घरी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं.

दिल्ली-चेन्नईची मोठी लाइन नरखेडवरून पूर्वीपासूनच जाते. वर्धा नदी ओलांडून वरूड, मोर्शी, चांदूर बाजार करत बडनेऱ्याला मिळणारी शाखा मात्र अलीकडची, गेल्या पंधराएक वर्षांतली. अंतर सगळं मिळून १३८ किलोमीटर. त्याआधी नरखेडच्या माणसाला रेल्वेनं अमरावतीला जायचं तर नागपूरचा वळसा होता. आता डब्यात बसलं की दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा सुरू होतात आणि जिल्हा बदलला तरी त्या संपत नाहीत. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा एकच पट्टा आहे. माती तीच, फळगळीची काळजीही तीच.

मोवाडच्या बाजूला गाडी आली की आई खिडकीकडं सरकते. मोवाड तिचं माहेर. ३० जुलै १९९१ ला वर्धेचा पूर या गावात शिरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. आमच्या तालुक्यात तेव्हा कळत्या वयाचा असलेला एकही माणूस असा नाही की ज्याला तो दिवस आठवत नाही. माझा मामा आणि मामी त्यात गेले. त्यांची मुलगी वाचली, कारण ती त्या रात्री दुसऱ्या गावी होती. आईनं तिला आमच्याकडं आणलं. त्यासाठी घरात बैठक झाली नाही, कोणी कोणाला विचारलं नाही. माझ्या ताटाशेजारी आणखी एक ताट मांडलं गेलं, शाळेत नाव घातलं गेलं. आज ती वरूडला संसार करते आणि दर भाऊबिजेला मला ओवाळते.

हे सांगतोय, कारण वझ्झरला पहिल्यांदा गेलो तेव्हा आईनं अंगणात उभं राहून एकच प्रश्न विचारला होता. "एवढ्या लेकरायले एकबी आत्या नव्हती का रे?"

समोरच्या बाकावर धोतरातले एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "कुठी चालले जी?" मी वझ्झर म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. "शंकरबाबाकडं? मंग बसा, बसा," म्हणत त्यांनी आपली पिशवी उचलून मुलाला जागा करून दिली. ते आमच्याच तालुक्यातल्या वडविहिऱ्याकडचे निघाले. त्यांना एक लग्न आठवलं, आणि ते आमच्या तालुक्यातल्या पुष्कळांना आठवतं. डिसेंबर २०२० मध्ये वझ्झरच्या एका मूकबधिर मुलीचं लग्न नागपुरात लागलं. मुलगाही तसाच, ऐकू न येणारा आणि अनाथ. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख मूळचे वडविहिऱ्याचे. त्यांनी पत्नीसह कन्यादान केलं आणि नागपूरचे जिल्हाधिकारी वरपिता म्हणून उभे राहिले. तो दिवस होता २० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. आजोबा म्हणाले, "पोरगी कचऱ्यात टाकणारेबी आपलेच, आन् मांडवात उभे राहणारेबी आपलेच." मुलगी ते ऐकत होती. तिनं कानातले हेडफोन काढून ठेवले आणि चांदूर बाजार येईपर्यंत परत घातले नाहीत.

चांदूर बाजारला उतरून काळीपिवळीनं परतवाडा गाठलं. अचलपूर-परतवाडा हे जोडगाव. अचलपूर एके काळी वऱ्हाडाच्या इमादशाहीची राजधानी होतं. परतवाड्याला छावणी होती ती इंग्रजांची. मुलाला इतिहासापेक्षा बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेत जास्त रस होता. तिचे अरुंद रूळ दाखवायचं मी कबूल केलं आणि आम्ही पुढं निघालो, कारण वझ्झरला जेवणाच्या वेळेआधी पोचायचं होतं. भरवायला हात लागतात ते त्याच वेळी.

परतवाड्याच्या पुढं सातपुड्याचे डोंगर एकदम जवळ येतात. मेळघाट इथूनच चढायला लागतो. वझ्झरच्या अंगाला सापन नदीवरचं धरण आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी हिरवा गर्द भाग दिसतो तेच बालगृह. हे रान लावलेलं आहे. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांची बुद्धी वयाबरोबर वाढली नाही, त्यांच्या हातांनी इथं हजारो झाडं लागली आणि जगली.

शंकरबाबांची गोष्ट विदर्भात घरोघर ठाऊक आहे, तरी थोडी सांगायला हवी. परीट समाजात जन्म, गाडगेबाबांच्या विचारांचा संस्कार. पूर्वी ते पत्रकार होते, 'देवकीनंदन गोपाळा' नावाचं नियतकालिक काढत. रेल्वे फलाट, बसस्थानकं, उकिरडे इथं टाकून दिलेली अपंग मुलं पाहून त्यांनी ते सगळं सोडलं आणि १९९० च्या सुमारास वझ्झरला हे काम उभं केलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे एक संस्थापक अंबादासपंत वैद्य. त्यांचं नाव या बालगृहाला आहे. पोलीस आणि बालकल्याण समित्या महाराष्ट्रभरातून इथं मुलं पाठवत गेल्या. शंभराहून अधिक झाली. सगळ्यांच्या कागदावर बापाचं नाव एकच: शंकरबाबा पापळकर. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळं आहे. बालगृहात मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं, असा कायदा. धडधाकट मुलालाही त्या वयात रस्त्यावर सोडणं कठीणच. पण ज्याला स्वतःचं जेवण हातानं जेवता येत नाही, त्याला अठराव्या वाढदिवशी काय म्हणून बाहेर काढायचं? आणि ती मुलगी असली तर? शंकरबाबांनी कुणालाच बाहेर काढलं नाही. बेवारस दिव्यांगांना आयुष्यभर त्याच घरात राहू द्यावं, असा कायदा देशभर व्हावा, हे मागणं ते वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. म्हणून इथं 'मुलं' म्हणताना डोळ्यांसमोर आणायची ती तिशी-चाळिशीतली माणसंसुद्धा, काहींचे केस पिकू लागलेले.

पोचलो आणि कामाला लागलो. मागच्या वेळी अर्धा दिवस ओळखीत गेला होता, तो या वेळी वाचला. बायकोनं व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि पायजम्यांचा ढीग घेतला. सैल झालेलं इलास्टिक काढायचं, नवं ओवायचं, दोन टाके घालायचे. ज्याला स्वतःचे कपडे सावरता येत नाहीत त्याच्यासाठी कमरेचं इलास्टिक ही अब्रूची गोष्ट आहे. आई साड्यांची लंगोटं फाडायला बसली. मला नखं कापायचं काम मिळालं.

हे काम सोपं नाही. हात आखडलेला असतो, बोटं तळव्यात मिटलेली. जोर लावून उघडली तर दुखतं आणि विश्वास जातो. एक तरुण मागच्या वेळी मला हात लावू देत नव्हता, दोन्ही मुठी काखेत दाबून बसायचा. या वेळीही त्यानं तेच केलं. मी त्याच्या शेजारी बसून संत्रं सोललं, एकेक फोड त्याला भरवली आणि एकेक मी खाल्ली. दुसरं संत्रं संपता संपता त्यानं एक मूठ माझ्या मांडीवर ठेवली. मला त्यानं ओळखलं की संत्र्याला, हे सांगता येणार नाही. पण ती मूठ मी उघडली आणि पाचही नखं कापली. दुसऱ्या हाताला त्यानं नाही म्हटलं, तो दुसऱ्या दिवशी सकाळी दिला.

मुलीचं तिथं वेगळंच जमलं. न दिसणाऱ्या दोघी-तिघींना ती आपलं मराठीचं पुस्तक वाचून दाखवत होती. त्यांनी तिला माला पापळकरबद्दल सांगितलं, अगदी आपल्या थोरल्या बहिणीचं कौतुक सांगावं तसं. जळगावच्या रेल्वे स्टेशनवर कचऱ्याच्या डब्यात सापडलेली ही अंध मुलगी वझ्झरला वाढली, ब्रेलमधून शिकली, पदवीधर झाली आणि २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. पुढं तिला नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नेमणूक मिळाली, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. मुलगी रात्री म्हणाली, "बाबा, आपण त्या ऑफिसात उत्पन्नाच्या दाखल्याला गेलो तर त्यांना भेटता येईल?" मी म्हटलं, दाखला नसला तरी जाऊ.

नागपुरात काही ओळखीचे लोक मला विचारतात, मुलांसह परदेशात सेवा करायला नेणाऱ्या सहली निघाल्यात, कंबोडिया, नेपाळ, व्हिएतनाम. तिथं का जात नाही? सेवेची इच्छा चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण कंबोडियातल्या अनाथालयांची पाहणी झाली तेव्हा तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत असल्याचं आढळलं. पाहुण्यांचा पैसा येतो म्हणून मुलं गोळा करण्याचे प्रकार नेपाळमध्येही उघडकीला आले. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये गुलामगिरीविरोधी कायदा केला, त्या वेळी या प्रकाराचीही दखल घेतली. आठवडाभर लाड करून जाणारे नवे नवे चेहरे मुलाला दर वेळी नव्यानं पोरकं करतात, असं या क्षेत्रातले जाणते लोक सांगतात, आणि ते मला पटतं. म्हणून आमच्या घरात दोन गोष्टी पक्क्या आहेत. तिथल्या मुलांसमोर मोबाइल पिशवीतून बाहेर काढायचा नाही, आणि जिथं परत जाता येणार नाही तिथं जायचंच नाही. नरखेडहून वझ्झरला परत जाता येतं. आत्या, मामा, काका हे वर्षातून एकदा का होईना पण येतातच, म्हणून तर ते नातेवाईक.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरातल्या बायांबरोबर भाजी निवडत बसली होती. तिच्या पाठीला टेकून एक पोक्त बाई झोपली होती. तिला बोलता येत नाही, वय विचारायची सोय नाही. आईनं मला खुणेनंच गप्प राहायला सांगितलं आणि मग हळूच म्हणाली, "मी मृगाचा बहार उतरला का येतो पुन्हा. तुमच्या सुट्ट्या राहो का नको राहो."

मी म्हटलं, एकटी कशी येशील? त्यावर तिचं उत्तर तयार होतं. वरूडची भाची सोबत येणार, तिला तिनं दुपारीच फोन करून विचारलं होतं. गाडी वरूडवरूनच जाते, ती तिथं डब्यात चढेल. तिच्याकडं शिलाई मशीन आहे, तेव्हा कपडे हातानं शिवत बसायला नको. बायकोनं लगेच मापं लिहून घ्यायला सुरुवात केली, कोणाचा पायजमा लांब, कोणाचा आखूड, कोणाला नाडी चालत नाही. मुलगा वही धरून तिच्यामागं फिरत होता आणि मी उरलेली नखं कापायला बसलो.