दोरी कोण धरणार?

लावणी चालू असताना शिवथर खोऱ्यात सभा ठेवू नये. हे कळायला कृषी पदवी लागत नाही, तरी प्रात्यक्षिकांची पत्रं नेमकी त्याच पंधरवड्यात येतात. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली असते, भिंतीला फलक लावलेला असतो. समोर दोन-तीन म्हातारे, सुट्टीवर आलेला एखादा मुंबईकर आणि चहाची वाट बघणारी पोरं. बाया खाचरात. ज्यांच्या हातून भात उभा राहतो त्यांची नावं हजेरीत नाहीत, कारण यादी सातबाऱ्यावरून केलेली, आणि सातबारा मुंबईत असलेल्या नवऱ्याच्या नाहीतर कधीच वारलेल्या सासऱ्याच्या नावावर.

महाड-पोलादपूरचा गडी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जातो. आधी गिरण्या होत्या, 1982च्या संपानंतर मिळेल ते काम. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतं, एरवी शेती बायकांची. त्याच ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना देशभर राबवली जात होती. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाची ती कल्पना. कर्मचाऱ्यानं ठरल्या दिवशी ठरावीक ‘संपर्क शेतकऱ्यां’ना भेटायचं आणि त्यांनी ते आजूबाजूला पोहोचवायचं. कागदावर सुरेख. पण संपर्क शेतकरीच लालबागला राहत असेल तर पुढचं सगळं खुंटतं.

मी या खोऱ्यात भातावरच काम केलं. वरंधा घाटाच्या पायथ्याची ही गावं, आंबे शिवथर, कसबे शिवथर, कुंभे शिवथर. खाली खाचरं, वर वरकसावर नाचणी-वरी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. अशा पावसात युरिया फोकला की त्यातला बराचसा बांधावरून ओढ्यात जातो, हे इथल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. म्हणून डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री पद्धत मला इथे पटवावीशी वाटली. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत, गिरिपुष्पाचा पाला चिखलात, दोरीवर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या दाबून केलेल्या गोळ्या. एक आड एक 15 आणि 25 सेंटिमीटर अंतरावर चूड लावायचे, म्हणजे जवळजवळचे चार चूड मिळून एक चौकोन होतो. त्याच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खुपसायची. गोळी तिथे सावकाश विरघळते, वरून पाणी वाहून गेलं तरी खत जागेवर राहतं. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या लागतात, वजन पावणेदोन किलोच्या आत.

बांधावर हे सांगत होतो. डोक्यावर इरलं, हातात 15 आणि 25वर खुणा केलेली नायलॉनची दोरी. वाकलेल्या बायांपैकी एक काकी न थांबता, मान वर न करता म्हणाल्या, “सायेब, दोरी धरायला दोन माणसं कुठली आणायची? सावडीला येतात तीच चार.” डाव्या हातात रोपांची मूठ, उजवा हात चिखलात जाऊन येतो तेवढ्या वेळात पुढचे दोन चूड लागलेले असतात. त्या वेगाला दोरी आडवी येते, एवढं मला त्या एका वाक्यात कळलं. पुस्तिकेत मजुरी दिलेली असते, माणसं आहेत की नाहीत ते नसतं.

मग दोरी बाजूला ठेवली. काकींनीच तोड काढली. आठ बोटं आणि वीतभर, असा अंदाज धरून लावायला सुरुवात केली. ओळ सरळ आली नाही, चौकोन तिरके झाले, पण गोळी मध्ये पडत होती. त्याच बांधाखालचं एक खाचर त्यांनी मुद्दाम नेहमीच्या पद्धतीनं लावलं, फोकून खत दिलं. मी नव्हतं सांगितलं. झोडणीच्या वेळी दोन्हीकडचे भारे वेगळे मोजले, मग पायलीनं भात मापलं. त्यात फरक दिसला, आणि पुढल्या साली गोळ्या कुठे मिळतात हे विचारायला घरी माणूस आला. दोरी मात्र कुणीच विचारली नाही. चार सूत्रांतली दोनच उचलली म्हणून काही जण नाक मुरडतात. मला ते पुष्कळ वाटतं.

लावणीच नको, असं सांगणारी पद्धतही याच जिल्ह्यात निघाली आहे. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफे करून साच्यानं टोकण करायची ‘सगुणा राईस टेक्निक’ रुजवली. वाफे एकदा केले की पुन्हा नांगरायचं नाही, चिखलणी नाही. हे ऐकल्यावर बायकांचे कान टवकारतात, कंबर त्यांची असते. तण आवरलं पाहिजे, हा तिचा अवघड भाग.

ऐकवण्यानं काय होतं आणि बोलण्यानं काय होतं, याची तुलना आपल्याकडे फार आधी झाली आहे. 1956मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या साहाय्यानं महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळं बसवली. अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा, आणि प्रश्न आकाशवाणीला कळवायचे. जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मंडळं असलेल्या गावांत माहिती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक किरकोळ. म्हणजे कमाई झाली ती कार्यक्रमानंतरच्या वादात. आता हाच प्रकार व्हॉट्सॲपच्या व्हिडिओनं चालला आहे, आणि मंडळाचा भाग पुन्हा गळालेला आहे. शिवथरच्या घळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहून घेत गेले, असं परंपरा सांगते. सांगणारा आणि लिहून घेणारा एवढ्यावर दासबोध झाला. भाताला तेवढं पुरत नाही.

शेतीशाळेवर माझा विश्वास आहे तो यामुळेच. तिचं मूळ 1989मधलं, इंडोनेशियात तुडतुड्यांनी भात जळत होता तेव्हा अन्न व कृषी संघटनेनं सुरू केलेलं. शेतकरी दहा-वीस चूड निवडतात, वाकून किडी मोजतात, चित्र काढतात आणि फवारायचं की नाही ते आपसात ठरवतात. इथे निळे भुंगेरे आणि खोडकिडा मोजायचा, सोबत कोळी आणि चतुरही मोजायचे. सही न येणारी आजी भाताचा चूड असा काढते की फुटवे मोजून घ्यावेत.

साक्षरतेचे रात्रवर्ग इथेही भरले. 2 ऑक्टोबर 1978ला राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पाट्या आल्या, कंदील आले. दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई रात्री ‘कमळ’ गिरवील ही अपेक्षाच चमत्कारिक. तिला वाचायचं होतं ते खताच्या गोणीवरचं 15:15:15, बियाण्याच्या पिशवीवरची मुदत, औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. एकदा चार रिकामे डबे बांधावर मांडले होते. अक्षर न येणाऱ्या बायकांनी रंगावरून ते क्रमानं लावले, आणि घरी लाल त्रिकोणाचा डबा पिठाच्या डब्याशेजारी आहे हे एकीच्या तिथेच लक्षात आलं.

शेतीशाळेची यादी करणाऱ्यांना माझी विनंती साधी आहे. नावं सातबाऱ्यावरून घेऊ नका, लावणीत कोण वाकलंय ते बघून घ्या. वर्ग खाचराच्या बांधावर भरवा, सावडीच्या बाया जेवायला बसतात त्या वेळेला. आणि पुढच्या हंगामाची पत्रं वैशाखातच काढा.