यंत्राचा ताबा

धाम नदीच्या काठी वसलेल्या पवनारचे नाव उच्चारताच बहुतेकांच्या मनात विनोबांची मूर्ती उभी राहते, आणि इतिहासाची गोडी असणाऱ्यास वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच, या महामहोपाध्याय मिराशींच्या प्रतिपादनाचे स्मरण होते; परंतु मला या गावाशी बांधून ठेवणारी वस्तू याहून पुष्कळ साधी आहे. गावातील काही सुतार आणि माझ्यासारखी काही हौशी मंडळी मिळून पत्र्याच्या छपराखाली एक सामाईक सुतारशाळा चालवितो, आणि तिच्या मध्यभागी बिडाचे एक रंधायंत्र बसविलेले आहे. त्याच्या वरच्या टेबलावर फळीची एक बाजू व एक कड सरळ करून घ्यायची, आणि मग टेबले उचलून तीच फळी खालच्या रुळांतून घालून तिची जाडी सर्वत्र सारखी करायची, अशी त्याची दुहेरी रचना आहे. दोन टेबलांमधील फटीत तीन पाती बसविलेला पोलादी कटर-ब्लॉक फिरतो. मिनिटाला चार हजार फेरे धरले तरी एका सेकंदात २०० वेळा पाते त्या फटीवरून जाते. डोळ्यांना मात्र तेथे केवळ एक निश्चल, रुपेरी चकाकी दिसते, आणि या यंत्राचे सारे भय त्या निश्चलतेच्या आभासातच आहे.

विनोबा १९३८ साली प्रकृतीच्या कारणाने पवनारला येऊन राहिले आणि पुढे येथील परमधाम आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा व ऋषिशेतीचा प्रयोग केला, हे सर्वश्रुत आहे; यंत्रांविषयीचे त्यांचे विवेचन त्या मानाने कमी आठवले जाते. यंत्रांना सरसकट नकार न देता त्यांनी त्यांचे समयसाधक, संहारक व उत्पादक असे वर्ग पाडले, आणि उत्पादक यंत्रांतही माणसाच्या श्रमाला साह्य करणारी ती पूरक व त्याचे काम हिरावून घेणारी ती मारक, असा भेद केला. सुतारशाळेत हे यंत्र आणावे की न आणावे, याची चर्चा चालली असता हा भेद आमच्या बोलण्यात वारंवार येई. ज्या वृद्ध मिस्त्रींनी उभा जन्म सागवानावर आणि त्याहून चिवट अशा आडजात लाकडावर हातरंधा ओढण्यात घालविला होता, त्यांचा उजवा खांदा आता वर उचलला जात नाही, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर यंत्राच्या बाजूने कौल पडला, आणि तो योग्यच पडला असे मी आजही मानतो. मात्र यंत्र पूरक ठरणे हे केवळ त्याच्या जातीवर अवलंबून नसून ते ज्या व्यवस्थेत चालते तिच्यावरही तितकेच अवलंबून असते, ही गोष्ट मला त्या चर्चेत उमगली नव्हती. ती त्या यंत्रापाशी उभे राहून काम करताना उमगली.

मला ते चालविण्यास शिकविले ते या मिस्त्रींनीच. बटणाला हात लावण्यापूर्वी फळी हातात घेऊन ती दोन्ही अंगांनी न्याहाळायला ते लावीत. "भाऊ, आधी लाकूड वाचा, मंग बटन दाबा," हा त्यांचा पहिला पाठ. लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने वर चढतात, गाठ सैल आहे की घट्ट, फळी कोणत्या अंगाला वाकली आहे, हे पाहून तिची खोलगट बाजू खाली ठेवायची, आणि पाती तंतूंना उचकटणार नाहीत अशा बेताने ती पुढे सारायची. आमच्याकडे येणारे पुष्कळ लाकूड जुन्या घरांच्या पाडकामातील असल्यामुळे त्यावरून लोहचुंबक फिरविल्याखेरीज ते यंत्रापाशी आणू द्यायचे नाही, ही ताकीद त्यांचीच. दोन्ही टेबलांच्या उंचीतील फरक हीच कापाची खोली. ती एका मिलिमीटरच्या आसपास ठेवावी, आणि अधिक लाकूड काढावयाचे असल्यास फळी पुनःपुन्हा न्यावी. एका फेरीत काम उरकण्याचा हव्यास धरला की पाते लाकडात अडकते, फळी उसळते, आणि तिच्यावर भार देऊन असलेला हात त्या क्षणी आधारावाचून पात्याकडे जातो.

हातांविषयी त्यांचा नियम एकच होता. "हात कटरवरून न्याचा नाई, उचलाचा अन् तिकडं ठेवाचा." फळीचे पुढचे टोक पलीकडच्या टेबलावर पोहोचले की डावा हात उचलून तिकडे टेकवायचा, भार तिकडेच द्यायचा, आणि मागचे टोक मूठ बसविलेल्या लाकडी ठोकळ्याने ढकलायचे, ब्लॉकवरचे झाकण फळीला जेवढी वाट हवी तेवढीच देईल इतके खाली असावे. प्रारंभीच्या काळातील यंत्रांत हा ब्लॉक चौकोनी असे, त्यामुळे त्याच्या व टेबलाच्या मध्ये मोठी पोकळी राही आणि बोटे सबंध आत ओढली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल ब्लॉक आला तेव्हा ती पोकळी लहान झाली आणि इजेची तीव्रता घटली. परंतु इजेचा संभव मात्र त्याने नाहीसा केला नाही.

आमच्याकडे चरख्याचे सुटे भाग करून देण्याचे काम अधूनमधून येते, आणि त्यातले बहुतेक तुकडे वीतभर लांबीचे असतात. असा आखूड तुकडा रंधायंत्रावर धरण्याचा मोह कोणालाही होईल, कारण काम क्षणाचे दिसते. पण तुकडा आखूड असला की तो दोन टेबलांवर एकदम टेकत नाही, फटीत कलतो, आणि त्याला धरणारी बोटे पात्यापासून दोन इंचांवर येतात. म्हणून एका फुटाहून आखूड लाकूड वरच्या टेबलावर न्यायचे नाही; लांब पट्टी आधी रंधून घ्यायची आणि तुकडे मागाहून कापायचे, असे ठरले. ज्यांना हे जमण्यासारखे नसेल त्यांच्यासाठी हातरंधे भिंतीवर टांगलेले आहेतच, आणि ते धार लावून ठेवण्याचा रिवाज आम्ही मोडू दिलेला नाही.

खालच्या बाजूने जाडी काढताना हात पात्यापासून दूर असतात, यामुळे तेथे माणूस निर्धास्त होतो. परंतु फळी उलट दिशेने फेकली जाऊ नये म्हणून तोंडाशी बसविलेल्या लोखंडी नख्या राळेने आणि भुशाने अडकून बसल्या असतील, तर ती मागे येताना कोणाची गय करीत नाही. म्हणून तेथे नेहमी एका अंगाला उभे राहावे आणि वाकून आत डोकावू नये.

उन्हाळ्यातील एक दुपार मला स्पष्ट आठवते. फळी अर्धी गेली असता वीज गेली. विदर्भात ही गोष्ट कोणाला नवी नाही. ब्लॉक सावकाश थांबला, फटीत भुसा दाटलेला होता, आणि आमच्यातील एका तरुणाने तो काढण्यासाठी झाकण वर करून हात आत घातला. वीज परतली ती त्याचा हात आत असतानाच. छपराखालचा पंखा गरगरू लागला, परंतु यंत्र स्तब्ध राहिले, कारण वीज जाताच मिस्त्रींनी उठून भिंतीवरचा मुख्य खटका खाली पाडला होता. त्यांनी तो कोणाच्या सांगण्यावरून पाडला नव्हता. ती त्यांची सवय होती. त्या प्रसंगी माझ्या मनात आले ते हे की, एका माणसाच्या सवयीवर दुसऱ्या माणसाची बोटे अवलंबून असणे ही काही व्यवस्था नव्हे. तोवर यंत्राला साधा खटका होता, जो वीज गेली तरी चालू स्थितीतच राही. वायरमनकडून आम्ही त्या जागी नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर बसवून घेतला. वीज गेली की तो आपण होऊन सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्यावाचून मोटार फिरत नाही. तरीही ब्लॉकपाशी हात नेण्यापूर्वी मुख्य खटका पाडून त्याच्या पेटीला कुलूप घालायचे, आणि किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात राहील, हा नियम कायम आहे.

एकट्याच्या कारखान्यात माणूस आपले यंत्र ज्या स्थितीत सोडतो त्याच स्थितीत ते त्याला दुसऱ्या दिवशी सापडते. सामाईक सुतारशाळेत तसे नसते. काल संध्याकाळी कोणी पाती बदलली, पाचरींचे स्क्रू कसायचे राहून गेले, आणि सकाळी दुसऱ्याने निःशंकपणे बटण दाबले, तर सुटलेले पाते कोणाच्या अंगात शिरेल याचा भरवसा नाही. कोणी कापाची खोली वाढवून तशीच सोडली, कोणी रुंद फळीसाठी काढलेले झाकण परत बसविलेच नाही. यांत दुष्टपणा नसतो, आणि म्हणूनच कोणाला जाब विचारूनही काही साधत नाही. यावर तजवीज म्हणून आम्ही एक नोंदवही ठेवली. यंत्राचा ताबा घेणाऱ्याने आणि सोडणाऱ्याने तीत सही करायची. सोडताना ब्लॉक पूर्ण थांबेपर्यंत जागा सोडायची नाही, कारण मोटारीचा आवाज सरल्यावरही तो काही काळ निःशब्द फिरत राहतो. खोली एका मिलिमीटरवर आणायची, झाकण खाली, मुख्य खटका बंद. पाती बदलणाऱ्याने तसे लिहून, स्क्रूंची रुजुवात दुसऱ्या एका सभासदाकडून करून घ्यायची. आणि एवढे सगळे लिहिलेले असले तरी ताबा घेणाऱ्याने, खटका बंद असताना, पलीकडच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवून ब्लॉक हलक्या हाताने फिरवून पाहायचा: पाते पट्टीला निसटता स्पर्श करून गेले पाहिजे. टेबल त्याहून खाली असले तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो, वर असले तर फळी त्याच्या कडेवर अडते, आणि अडलेल्या फळीला जोर लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

गळ्यातले दुपट्टे, मनगटी घड्याळे आणि हातमोजे यांच्यासाठी दारापाशीच खुंट्या आहेत. हातमोजा हाताचे रक्षण करतो ही समजूत या यंत्रापुरती सर्वथा चुकीची आहे. पाते आधी कापड पकडते आणि मग कापडामागून हात येतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमातही चालत्या यंत्रसामग्रीजवळ जाऊन काम करणाऱ्याचे कपडे अंगासरशी घट्ट असावेत अशी अट घातलेली होती, आणि अल्पवयीनांना धोक्यांची पूर्ण समज व पुरेसे शिक्षण दिल्यावाचून, किंवा जाणत्याच्या देखरेखीवाचून, धोकादायक यंत्रावर काम करू देऊ नये असेही तेथे म्हटलेले होते. विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले म्हणजे तो कायदा लागू होई. आमची शाळा त्याच्या कक्षेत कधीच आली नसती, परंतु बोटांना कक्षा ठाऊक नसते, म्हणून ती कलमे आम्ही आपल्या ठरावात उतरवून घेतली.

सध्या दोन मुलगे शिकावयास येतात. मिस्त्रींनी त्यांना हातरंध्यावर बसविले आहे, कारण तंतू कोणत्या बाजूने उचकटतात हे हाताला कळल्यावाचून यंत्रावर ते डोळ्याला दिसत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. मुलांना घाई आहे आणि त्यांच्या पालकांनाही. दिवाळीनंतर त्यांना यंत्राशी उभे करावे असे बैठकीत काहींनी सुचविले. मिस्त्री अद्याप रुकार देत नाहीत. माझे म्हणणे असे पडले की त्यांनी तोवर पाती उतरविण्याच्या व बसविण्याच्या प्रत्येक वेळी हजर राहावे, खटक्याला कुलूप आपल्या हाताने घालावे आणि नोंदवहीतील मजकूर स्वतः लिहावा. ते मिस्त्रींनी मान्य केले आहे.